शेतीमालाचा भाव आणि शरद जोशी

महाराष्ट्रातील शेतकऱ्यांच्या दैन्याविषयी गेल्या दीडशे वर्षांत जे विचारमंथन झाले, त्यात शेतकऱ्याला लुबाडणारा कोण, या प्रश्नाची उत्तरे काळानुसार बदलत गेली आहेत. १८७५ साली पुणे आणि नगर जिल्ह्यांत उसळलेल्या दंग्यांचा रोख सावकाराच्या वह्यांवर होता. जोतीराव फुले यांनी १८८३ साली लिहून पूर्ण केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात भटशाही आणि गोरी नोकरशाही यांच्या संगनमताची चिकित्सा होती. कुळकायद्याच्या काळात प्रश्न जमिनीच्या मालकीचा झाला आणि सहकारी साखर कारखानदारीच्या काळात प्रक्रियेची व पतपुरवठ्याची मालकी कोणाकडे असावी, याभोवती राजकारण फिरू लागले. या सर्व मांडण्यांत शेतीमालाला मिळणारा भाव हा मुद्दा होता, पण तो बाजूचा होता. तो मध्यभागी आणण्याचे आणि त्यासाठी सावकार, व्यापारी किंवा जमीनदार यांच्याऐवजी थेट शासनाच्या धोरणाला जबाबदार धरण्याचे काम शरद अनंतराव जोशी यांनी केले. आधी सनदी अधिकारी, मग कोरडवाहू शेतकरी, मग आंदोलनाचे नेते आणि अखेरीस राज्यसभेचे सदस्य असा त्यांचा प्रवास वरवर पाहता तुटक वाटतो. त्यांच्या भूमिका बदलत गेल्या, असा आक्षेपही त्यांच्यावर वारंवार घेतला गेला. मात्र हा प्रवास एका हिशोबाच्या धाग्याने बांधलेला आहे, आणि तो हिशोब समजून घेतल्याशिवाय त्यांच्या राजकारणाचे मूल्यमापन करता येत नाही.

जोशी यांचा जन्म ३ सप्टेंबर १९३५ रोजी सातारा येथे, टपाल खात्यात नोकरी करणाऱ्या वडिलांच्या मध्यमवर्गीय ब्राह्मण कुटुंबात झाला. मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात वाणिज्य शाखेचे उच्च शिक्षण, कोल्हापुरात अल्पकाळ प्राध्यापकी, १९५८ साली भारतीय टपाल सेवेत प्रवेश आणि १९६८ पासून स्वित्झर्लंडमधील बर्न येथे जागतिक टपाल संघटनेच्या मुख्यालयात नोकरी, हा त्यांचा पूर्वायुष्याचा क्रम आहे. बर्नमधील वास्तव्यात गरीब देशांसाठीच्या विकासयोजना जवळून पाहता आल्या. आंतरराष्ट्रीय मदतीचा मोठा भाग ज्यांच्यासाठी ती असते त्यांच्यापर्यंत पोचतच नाही, ही जाणीव त्यांना तेथेच झाली. नोकरी सोडून ते कुटुंबासह भारतात परतले आणि पुणे जिल्ह्यातील चाकणजवळ आंबेठाण या गावी कोरडवाहू जमीन घेऊन १९७७ साली शेती करू लागले. भारतातील दारिद्र्याचे मूळ कोरडवाहू शेतीत आहे, असा त्यांचा कयास होता आणि तो दुसऱ्याच्या अहवालांवरून न तपासता स्वतःच्या जमिनीवर तपासावा, हा त्या शेतीमागील हेतू होता. पुढे ‘अंगारमळा’ या नावाने ओळखल्या गेलेल्या या शेतात काकडी, बटाटा, कांदा अशी नगदी पिके त्यांनी घेतली, विहीर खणली, खत-बियाणे-मजुरी यांची बारकाईने नोंद ठेवली.

या नोंदींतून जो निष्कर्ष निघाला, तो त्या काळच्या कृषिविषयक समजुतींना छेद देणारा होता. शेतकरी गरीब आहे कारण तो अडाणी, आळशी किंवा व्यसनी आहे; त्याला पाणी, सुधारित बियाणे आणि कर्ज मिळाले, तर उत्पादन वाढेल आणि उत्पादन वाढले की दारिद्र्य हटेल, अशी हरितक्रांतीच्या काळातील सरकारी आणि बिगरसरकारी विचारसरणी होती. जोशी यांच्या हिशोबात मात्र उत्पादन वाढले तसा तोटाही वाढत होता. बाजार समितीत माल विकल्यावर अडत, हमाली, तोलाई आणि वाहतूक वजा होऊन शेतकऱ्याच्या हाती जी पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशोब, पडे, तिच्यातून कधी कधी भाडेखर्चही भागत नसे आणि शेतकऱ्यालाच उलट पैसे भरावे लागत. या प्रकाराला शेतकऱ्यांच्या भाषेत उलटी पट्टी म्हणतात. अशी पट्टी हा एखाद्या वर्षीचा अपघात नसून शेतीच्या अर्थकारणाची नित्याची रीत आहे, असे जोशी यांचे म्हणणे होते.

येथे ‘उत्पादन खर्च’ या संकल्पनेचा खुलासा आवश्यक आहे, कारण जोशी यांनी पुढे उभारलेल्या शेतकरी संघटनेची सारी वैचारिक इमारत तिच्यावर उभी राहिली. १९६५ साली स्थापन झालेला कृषी मूल्य आयोग पिकांच्या आधारभूत किमतींची शिफारस करी आणि त्यासाठी खर्चाची आकडेमोडही करी. परंतु त्या आकडेमोडीत शेतकऱ्याच्या व त्याच्या घरच्या माणसांच्या श्रमाचे मोल अपुरे धरले जाते, व्यवस्थापनाचा मोबदला विचारात घेतला जात नाही, बैलांचा वर्षभराचा खर्च त्यांनी काम केलेल्या दिवसांपुरताच मोजला जातो आणि अवर्षण किंवा रोगराईने वाया गेलेल्या वर्षांचा भार चांगल्या वर्षांवर टाकला जात नाही, असे जोशी यांचे आक्षेप होते. कारखानदार आपल्या मालाच्या किमतीत घसारा, व्याज, व्यवस्थापन, जोखीम यांचा समावेश करतो. तोच न्याय शेतीला लावला, तर जवळपास प्रत्येक पिकाचा भाव खर्चापेक्षा कमी निघतो. संघटनेच्या शिबिरांमध्ये जोशी फळ्यावर हा हिशोब मांडत आणि समोर बसलेल्या शेतकऱ्यांकडूनच आकडे घेत. आपली गरिबी नशिबाची किंवा नालायकपणाची नसून धोरणाची आहे, हे शेतकऱ्याला अंकगणितातून उमगणे, ही त्या काळातील ग्रामीण महाराष्ट्राची फार मोठी बौद्धिक घटना होती.

मग भाव पडतात कसे, या प्रश्नाचे त्यांचे उत्तर सरळ होते: ते पाडले जातात. धान्यावरील सक्तीची लेव्ही म्हणजे ठरावीक वाटा ठरावीक दराने सरकारला देण्याचे बंधन, एका विभागातून दुसऱ्या विभागात माल नेण्यास मनाई करणारी झोनबंदी, जीवनावश्यक वस्तू कायद्याखालील साठ्यावरील मर्यादा, देशात भाव चढू लागताच होणारी निर्यातबंदी आणि परदेशातून चढ्या दराने आणून स्वस्तात विकलेले धान्य, या साधनांनी शासन शेतीमालाचे भाव दाबून ठेवते आणि त्यातून वाचलेली रक्कम औद्योगिकीकरणाच्या भांडवलात जाते, अशी त्यांची मांडणी होती. उद्योगासाठी शेतीतून भांडवल ओढण्याचा हा सिद्धान्त सोव्हिएत अर्थशास्त्रज्ञ प्रिओब्राझेन्स्की यांनी १९२०च्या दशकात उघडपणे मांडला होता. स्वतंत्र भारताने तोच मार्ग लोकशाहीच्या आवरणाखाली स्वीकारला, असा जोशी यांचा आरोप होता. या शोषणाची सीमारेषा दाखवण्यासाठी त्यांनी ‘इंडिया’ आणि ‘भारत’ अशी जोडी वापरली. तिचा अर्थ अनेकदा नुसता शहर आणि खेडे असा लावला गेला, पण तो अपुरा आहे. त्यांच्या मते शोषणाच्या व्यवस्थेचा लाभ घेणारा खेड्यातील पुढारी ‘इंडिया’त मोडतो आणि शेतीतून उखडून शहराच्या झोपडपट्टीत आलेला माणूस ‘भारता’तला निर्वासित असतो.

हा विचार आंदोलनात उतरला तो कांद्यामुळे, आणि तो उतरण्यासाठी चाकण हे ठिकाण योग्य होते. चाकणची बाजारपेठ कांद्याची जुनी पेठ आहे. कांदा हे नाशवंत, भावात कमालीचे चढउतार असलेले आणि शहरी ग्राहकाच्या रोजच्या ताटातले पीक असल्यामुळे त्याच्या महागाईचा राजकीय गवगवा होतो, स्वस्ताईचा मात्र होत नाही. १९७७-७८ मध्ये केंद्राने निर्यात बंद केल्यावर चाकणच्या बाजारात भाव कोसळले, आणि त्या अनुभवातून परिसरातील शेतकरी जोशी यांच्याभोवती जमू लागले. १९७९ साली शेतकरी संघटनेचे काम चाकणमध्ये सुरू झाले, ‘वारकरी’ हे साप्ताहिक निघाले, भामनेरच्या दुर्गम खोऱ्यातील वांद्रे ते चाकण या रस्त्याच्या मागणीसाठी जानेवारी १९८० मध्ये पदयात्रा निघाली आणि त्याच वर्षी कांद्याच्या भावासाठी पुणे-नाशिक रस्ता शेतकऱ्यांनी अडवला. रास्ता रोको हे त्यांच्या हाती आलेले अस्त्र शेतकऱ्याच्या स्थितीला साजेसे होते. कामगार संप करून उत्पादन थांबवू शकतो, पण पेरलेले पीक थांबवता येत नाही, म्हणून शेतकऱ्याने वाहतूक थांबवली.

१० नोव्हेंबर १९८० रोजी नाशिक जिल्ह्यात सुरू झालेल्या आंदोलनाने या स्थानिक चळवळीला राज्यव्यापी रूप दिले. उसाला टनाला ३०० रुपये आणि कांद्याला क्विंटलला ५० ते ७० रुपये भाव, ही मागणी होती. पिंपळगाव बसवंतचे माधवराव खंडेराव मोरे आणि नाशिकचे प्रल्हाद कराड पाटील यांच्यासारखे स्थानिक नेते सोबत आल्यामुळे द्राक्ष, ऊस आणि कांदा पिकवणाऱ्या निफाड परिसरातील शेतकरी कुटुंबेच्या कुटुंबे रस्त्यांवर आणि रेल्वेमार्गांवर येऊन बसली. खेरवाडी येथे पोलिसांच्या गोळीबारात दोन शेतकरी मृत्युमुखी पडले, हजारोंना अटक झाली, तुरुंग अपुरे पडले. १९४८च्या गांधीहत्येनंतरच्या ब्राह्मण-ब्राह्मणेतर दुराव्याची आठवण ग्रामीण महाराष्ट्रात अद्याप ताजी असताना मराठा, माळी, कुणबी, वंजारी शेतकऱ्यांनी एका ब्राह्मण नेत्याच्या शब्दावर तुरुंग स्वीकारला, ही बाब या चळवळीच्या सामाजिक इतिहासात विशेष मोलाची आहे. ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ या घोषणेत स्वाभिमान आणि हिशोब दोन्ही एकत्र आले होते.

याहून कसोटीचे आंदोलन निपाणीचे ठरले. कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्याचा निपाणी हा मराठी बोलणारा, तंबाखू पिकवणारा टापू आहे. तंबाखूचा व्यवहार मोजक्या व्यापाऱ्यांच्या हाती एकवटला होता. माल उचलल्यानंतर भाव ठरायचा, पैसे महिनोन्‌महिने अडकायचे आणि त्यात मनमानी कपात व्हायची. त्याच तंबाखूच्या वखारींत काम करणाऱ्या स्त्रियांची संघटना प्रा. सुभाष जोशी यांनी आधीच उभारली होती. १४ मार्च १९८१ पासून हजारो शेतकऱ्यांनी पुणे-बंगळूर महामार्गावर ठाण मांडले; रस्त्यावरच राहुट्या पडल्या, चुली पेटल्या आणि या वस्तीला आंदोलननगर म्हटले जाऊ लागले. शेतकरी आणि वखारींतील कामगार स्त्रिया एकाच मागणीमागे उभ्या राहिल्याचे हे दुर्मीळ उदाहरण होय. तीन आठवड्यांहून अधिक काळ शांततेने चाललेले हे आंदोलन ६ एप्रिल रोजी पोलिसांनी मोडून काढले. गोळीबारात १२ शेतकऱ्यांचा बळी गेला. स्वतंत्र भारतातील शेतकरी आंदोलनांच्या इतिहासात निपाणीचे नाव जितके ठळकपणे घेतले जायला हवे, तितके ते घेतले जात नाही. महाराष्ट्राच्या लेखी ते कर्नाटकातले आंदोलन राहिले आणि कर्नाटकाच्या लेखी मराठी भाषकांचे, हे त्याचे एक कारण असावे.

भावाची चळवळ ही बागाइतदारांची चळवळ आहे, विकायला माल नसलेल्या अल्पभूधारकाला आणि भूमिहीन मजुराला तिचा काय उपयोग, हा डाव्या विचारवंतांचा आक्षेप होता. शेतीमालाला भाव मिळाल्यावरच मजुरी वाढू शकेल आणि तोट्यातील धंद्याकडून मजुराला न्याय मागणे व्यर्थ आहे, हे जोशी यांचे उत्तर होते. हे उत्तर तर्काला धरून असले, तरी वाढीव भावातील वाटा मजुरापर्यंत आपोआप पोचेल, हे गृहीत धरणे अवघड आहे; गावातील जातींची उतरंड त्या वाटेत उभी असते, आणि तिच्याशी थेट झुंजणे संघटनेच्या एककलमी कार्यक्रमात बसत नव्हते. चळवळीच्या विचाराची ही खरी मर्यादा होय.

स्त्रियांच्या प्रश्नावर मात्र हीच संघटना आपल्या काळाच्या पुष्कळ पुढे गेली. ९ आणि १० नोव्हेंबर १९८६ रोजी नाशिक जिल्ह्यातील चांदवड येथे भरलेल्या शेतकरी महिला अधिवेशनाला लाखाहून अधिक स्त्रिया आल्या. कडेवर मूल आणि भाकरीचे गाठोडे घेऊन आलेल्या या स्त्रियांपैकी बहुतेकींनी त्यापूर्वी गावाबाहेरची सभा पाहिलेली नव्हती. शेतीतील कष्टांचा मोठा भाग स्त्रीकडून घेतला जातो आणि मालकीच्या कागदावर तिचे नाव नसते, म्हणजे शेतकरी शोषित असेल, तर शेतकरी स्त्री ही त्या शोषिताकडूनही शोषली जाते, हे चांदवडने उघडपणे म्हटले. त्यापाठोपाठ दारूदुकानबंदीची मोहीम झाली, ग्रामपंचायतींच्या निवडणुका संपूर्ण महिला पॅनेल उभे करून लढवण्याचे प्रयत्न झाले आणि पुढे लक्ष्मीमुक्ती हा कार्यक्रम आला. नवऱ्याने आपल्या जमिनीचा काही हिस्सा स्वखुशीने पत्नीच्या नावे सातबाऱ्यावर चढवायचा, असे त्याचे स्वरूप होते. ज्या गावात शंभर कुटुंबे असे करतील, त्या गावी सत्कारासाठी स्वतः जाण्याचे जोशी यांनी मान्य केले होते. कायद्याची सक्ती नसताना, निव्वळ संघटनेच्या शब्दावर हजारो पुरुष शेतकऱ्यांनी जमीन पत्नीच्या नावे केली. जळगाव जिल्ह्यातील विटनेरसारखी गावे त्यासाठी अभ्यासकांपर्यंत पोचली आणि गेल ऑम्व्हेट यांच्यासारख्या विदुषींनी या प्रयोगाची नोंद घेतली. भावाच्या आंदोलनांतून मिळालेले पैसे कधीच खर्च झाले. सातबाऱ्यावर चढलेली नावे उरली.

महाराष्ट्राबाहेरचे राजकारण या काळातच सुरू झाले होते. १९८२ मध्ये वर्धा येथे विविध राज्यांतील शेतकरी संघटनांची समन्वय समिती स्थापन झाली, आणि मार्च १९८४ मध्ये चंदीगड येथे भूपिंदरसिंग मान यांच्या भारतीय किसान युनियनने विजेच्या दरांविरुद्ध राजभवनाला घातलेल्या वेढ्यात जोशी सहभागी झाले. दहशतवादाने होरपळत असलेल्या पंजाबात हजारो शीख शेतकरी धर्माऐवजी वीजदर आणि गव्हाचा भाव या मुद्द्यांवर शांततेने एकत्र आले, याला त्या वर्षी निराळेच महत्त्व होते. मात्र २ ऑक्टोबर १९८९ रोजी दिल्लीच्या बोट क्लबवर झालेल्या मेळाव्यात उत्तर प्रदेशचे शेतकरी नेते महेंद्रसिंग टिकैत यांच्याशी व्यासपीठावरच बेबनाव झाला आणि देशातील शेतकऱ्यांची एकमुखी संघटना उभारण्याचे स्वप्न तेथे विस्कटले. जोशी यांचे नेतृत्व शिबिर आणि युक्तिवाद यांवर पोसलेले होते, तर टिकैत यांचे खाप पंचायतीच्या, म्हणजे एका कुळाच्या गावांच्या परंपरागत पंचायतीच्या, आधारावर. हा फरक दोन व्यक्तींच्या मानापमानापेक्षा खोल होता.

विश्वनाथ प्रताप सिंग यांच्या सरकारने १९९० साली जोशी यांना कृषिविषयक स्थायी सल्लागार समितीचे अध्यक्षपद मंत्रिपदाच्या दर्जासह दिले आणि समितीने राष्ट्रीय कृषिनीतीचा मसुदा तयार केला. सरकार कोसळल्यामुळे तो कागदावरच राहिला. त्याच वर्षी विधानसभेत वामनराव चटप, मोरेश्वर टेमुर्डे, सरोज काशीकर असे संघटनेचे काही पाईक, म्हणजे कार्यकर्ते, जनता दलाच्या चिन्हावर निवडून गेले.

१९९१ नंतर जोशी यांनी घेतलेली भूमिका त्यांच्या अनेक जुन्या सहकाऱ्यांना पचली नाही. डंकेल मसुदा, म्हणजे जागतिक व्यापार करारात शेतीचा समावेश करणारा प्रस्ताव, याला देशातील बहुतेक शेतकरी नेते विरोध करत होते. कर्नाटकचे नंजुंडस्वामी त्याविरुद्ध रस्त्यावर उतरले. विदर्भातील विजय जावंधिया संघटनेपासून दुरावले. जोशी यांनी मात्र १९९३ मध्ये दिल्लीत समर्थनाचा मेळावा घेतला. सरकारकडे भाव मागणारा नेता खुल्या बाजाराचा पुरस्कर्ता कसा झाला, या प्रश्नाचे उत्तर आंबेठाणच्या जुन्या नोंदींतच सापडते. भाव पाडणारा हात सरकारचा असेल, तर तो हात बाजूला करणे हीच मागणी तर्काच्या शेवटी उरते. त्यांच्या ‘उणे सबसिडी’च्या सिद्धान्ताला अनपेक्षित आधारही मिळाला: भारत सरकारने जागतिक व्यापार संघटनेकडे १९८६ ते १९८८ या आधारकाळासाठी दिलेल्या आकडेवारीत पिकांना दिलेला आधार उणे होता, म्हणजे अनुदान देण्याऐवजी शेतकऱ्याकडूनच काढून घेतल्याची सरकारी कबुली होती. ज्या शेतकऱ्याला साठवणुकीची सोय नाही आणि कर्जाचा हप्ता थोपवता येत नाही, तो खुल्या बाजारात बरोबरीने उभा राहील का, ही शंका तरीही उरतेच. १९९१च्या शेगाव मेळाव्यात मांडलेली चतुरंग शेतीची कल्पना हे त्या शंकेचेच त्यांनी दिलेले उत्तर होते: सीताशेतीत बाहेरच्या निविष्ठा टाळून स्त्रियांनी घरची शेती करायची, माजघर शेतीत घरगुती प्रक्रिया करायची, व्यापार शेतीत एकत्र येऊन विकायचे आणि निर्यात शेतीत परदेशी बाजार गाठायचा. कल्पना ठोस होती, पण तिला लागणारी व्यापारी शिस्त आंदोलनात घडलेल्या संघटनेकडे नव्हती.

१९५९ साली राजगोपालाचारी, मिनू मसानी आणि एन. जी. रंगा यांनी उभारलेल्या स्वतंत्र पक्षाचा वारसा सांगत जोशी यांनी १९९४ मध्ये स्वतंत्र भारत पक्ष काढला. मते मागायला आलो तर जोड्याने मारा, असे चळवळीच्या आरंभी सांगणाऱ्या नेत्याला मतदारांनी निवडणुकीत साथ दिली नाही. लाखोंच्या सभा घेणाऱ्या संघटनेला मते का मिळत नाहीत, याचे कारण त्या सभांच्या स्वरूपातच होते: शेतकरी म्हणून आलेला माणूस मतदान करताना जात, गट, सहकारी सोसायटीचे कर्ज आणि कारखान्याचे सभासदत्व यांनी बांधलेला असे, आणि ती सर्व सूत्रे प्रस्थापित पक्षांच्या हाती होती.

२००४ साली शिवसेना-भारतीय जनता पक्षाच्या पाठिंब्याने ते राज्यसभेवर गेले. या निर्णयामुळे राजू शेट्टी यांच्यासारखे तरुण कार्यकर्ते वेगळे झाले आणि स्वाभिमानी शेतकरी संघटना निघाली. सभागृहात त्यांनी एकट्याने लढवलेल्या दोन लढती उल्लेखनीय आहेत. नोंदणीकृत पक्षाला समाजवादावरील निष्ठेची शपथ घ्यावी लागते, ती अट काढून टाकण्यासाठी त्यांनी खासगी विधेयक मांडले. आणि ९ मार्च २०१० रोजी महिला आरक्षणाचे घटनादुरुस्ती विधेयक १८६ विरुद्ध १ मतांनी संमत झाले, तेव्हा विरोधातले एकमेव मत त्यांचे होते. चांदवडच्या नेत्याने असे मत द्यावे, याचा अनेकांना धक्का बसला. आरक्षित मतदारसंघ दर निवडणुकीला फिरते राहिल्यास निवडून आलेल्या स्त्रीला मतदारसंघ बांधण्याचे कारणच उरणार नाही, असा त्यांचा आक्षेप होता. मत बरोबर की चूक याविषयी मतभेद राहतील. मात्र कार्यकाळ संपत आलेल्या सदस्याला सर्वांच्या सुरात सूर मिसळणे सोपे होते, हे लक्षात घ्यायला हवे.

१२ डिसेंबर २०१५ रोजी पुण्यात जोशी यांचे निधन झाले. त्यानंतर पाच वर्षांच्या आत, २०२० मध्ये, बाजार समित्यांची मक्तेदारी आणि साठ्यावरील मर्यादा सैल करणारे तीन कृषिकायदे केंद्राने आणले आणि त्यांविरुद्ध पंजाबचे शेतकरी दिल्लीच्या वेशीवर येऊन बसले. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये नेमलेल्या समितीत शेतकरी संघटनेचे अनिल घनवट होते आणि १९८४च्या चंदीगड वेढ्यातील जुने सहकारी भूपिंदरसिंग मानही होते. पंजाबातील भावना पाहून मान काही दिवसांतच समितीतून बाहेर पडले. घनवट राहिले, नोव्हेंबरमध्ये कायदे मागे घेण्याची घोषणा झाली, आणि समितीचा अप्रकाशित अहवाल घनवट यांनी मार्च २०२२ मध्ये स्वतःच्या जबाबदारीवर जाहीर केला.